वेल्डर की एमएसडब्ल्यू? दोन वाटांचा पगार ताडून कसा पाहायचा

आयटीआयला फिटर-वेल्डरला जावं की समाजकार्याची पदवी (बीएसडब्ल्यू, मग पदव्युत्तर एमएसडब्ल्यू) घ्यावी, असं विचारणारे बहुतेक जण एकच आकडा मागतात: ‘जास्त कुठे मिळतात?’ आकडा सांगता येतो, पण तो फसवतो. कारण दोन्हीकडे पगार ठरण्याची रीतच निराळी आहे. धातूकामात पगार माणसाच्या हाताला बांधलेला असतो. वेल्डची टेस्ट पास झाली, एक्स-रेमध्ये दोष दिसला नाही, की दर वाढतो. एका औद्योगिक वसाहतीत, भोसरीत वाढलेला दर दुसऱ्या वसाहतीत, वाळूजलाही मागता येतो. समाजकार्यात पगार जागेला बांधलेला असतो. ती जागा सरकारी वेतनश्रेणीतली आहे, योजनेतली कंत्राटी आहे की देणगीवर चालणाऱ्या प्रकल्पातली, यावर तुमचा आकडा ठरतो. तुम्ही काम किती चांगलं करता, हा मुद्दा त्यानंतर येतो. हे ऐकायला कडू आहे, पण ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचा हिशेब सोपा जातो.

खालची रीत प्रामुख्याने महाराष्ट्रात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पायरी १ : कोणाची कोणाशी तुलना करताय, ते ठरवा

‘वेल्डर’ म्हणजे नाक्यावरच्या दुकानात खिडक्यांच्या ग्रिलला टाके मारणारा (टॅक करणारा) मुलगाही आणि साखर कारखान्याच्या बॉयलरच्या नळ्या जोडणारा हाय प्रेशर वेल्डरही. दोघांच्या कमाईत इतकं अंतर असतं की त्यांची सरासरी काढणं निरर्थक. तीच गोष्ट ‘सोशल वर्कर’ची. गावोगाव फिरून याद्या भरणारा क्षेत्र कार्यकर्ता, जिल्हा बाल संरक्षण कक्षातला समुपदेशक, मोठ्या रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक आणि कंपनीचा सीएसआर (कंपनीने सामाजिक कामावर करायचा खर्च) व्यवस्थापक हे चौघेही एमएसडब्ल्यूच असू शकतात.

म्हणून जोड्या बरोबरीच्या लावा. शिकाऊ उमेदवारासमोर शिकाऊ, पाच वर्षं अनुभवाच्या सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) सेटरसमोर पाच वर्षं अनुभवाचा प्रकल्प समन्वयक, सरकारी तंत्रज्ञासमोर सरकारी निरीक्षक. नात्यातला कुणी दुबईत वेल्डर आहे आणि शेजारची ताई एका संस्थेत मानधनावर आहे, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. लोक नेमकं तेच करतात.

पायरी २ : शिकण्याची वर्षं पैशात मोजा

आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर दोन वर्षांचे. सोळाव्या वर्षी दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी अठराव्या वर्षी फिटर होऊन बाहेर पडते आणि एक वर्षाची अप्रेंटिसशिप धरली तर एकोणिसाव्या वर्षी कामाला लागते. समाजकार्यात बारावी, मग तीन वर्षांची पदवी, मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. म्हणजे तेविसावं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी घेतली तर हिशेब आणखी बदलतो. नुसत्या बीएसडब्ल्यूवर थांबता येतं, पण पर्यवेक्षकाच्या वरच्या बऱ्याच जागांना पदव्युत्तर पदवी मागतात. एमएसडब्ल्यू कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतं, हे मात्र लक्षात ठेवा. त्यासाठी बीएसडब्ल्यूच हवं असं नाही.

संस्थेचं नाव समाजकार्यात जास्त मोलाचं ठरतं. १९३६ मध्ये सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था इथल्या मुलांना जी पहिली नोकरी मिळते, ती तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला त्याच गुणांवर मिळेलच असं नाही. आयटीआयमध्ये फरक पडतो तो तिथल्या यंत्रांचा. ज्या वर्कशॉपमध्ये लेथ चालू आहेत आणि वेल्डिंग रॉडची पेटी कुलपात नाही, ते आयटीआय चांगलं. प्रवेशाआधी जाऊन बघून या. सरकारी आयटीआयचं शुल्क खासगीच्या मानाने फारच कमी असतं, त्यामुळे आधी सरकारी यादी संपवा.

धातूकामातली तिसरी वाट फारशी कुणी सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीनंतर चार वर्षांचा आहे. आयटीआयपेक्षा लांब आणि महाग, पण बाहेर पडल्यावरची सुरुवातही वरून होते. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’ ही समजूत चुकीची आहे.

पायरी ३ : सुरुवातीचे खरे आकडे गोळा करा

नोकरीच्या जाहिरातींतले ‘१५ ते ४० हजार’ हे आकडे बाजूला ठेवा. सरकारी कागदांवर आधी नजर टाका, कारण ते पडताळता येतात.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्णाला दरमहा किमान ७,००० रुपये आणि पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. करारावर सही करण्याआधी त्या दिवशीचा लागू दर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बघा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय आणि पदविकाधारकाला दरमहा ८,००० तर पदवीधर व पदव्युत्तराला १०,००० रुपये ठेवले गेले. म्हणजे एमएसडब्ल्यूच्या पाच जादा वर्षांची सरकारदरबारी पहिली किंमत महिन्याला दोन हजार. हसू येतं, पण हा आकडा तुलनेला फार उपयोगी आहे.

आता नोकरी. रेल्वेत आयटीआयवाला टेक्निशियन ग्रेड ३ म्हणून लेव्हल २ ला लागतो, मूळ वेतन १९,९००. बढत्यांनी तो सीनियर टेक्निशियनपर्यंत जातो, ती लेव्हल ६, मूळ ३५,४००. आता महाराष्ट्राच्या समाजकल्याण विभागाकडे बघा. समाजकल्याण निरीक्षकाची श्रेणी एस-१३, ३५,४०० पासून १,१२,४०० पर्यंत; वरिष्ठ निरीक्षक आणि गृहपाल (वसतिगृह सांभाळणारे) एस-१४ ला, ३८,६०० पासून. रेल्वेचा फिटर नोकरीच्या उत्तरार्धात जिथे पोचतो, तिथून निरीक्षकाची सुरुवात होते. सरकारी विरुद्ध सरकारी अशी तुलना केली तर समाजकार्याची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे.

पण जागा किती? २०२४ च्या समाजकल्याणच्या जाहिरातीत निरीक्षक, गृहपाल वगैरे सगळी पदं मिळून २१९ जागा होत्या. त्याच वर्षीच्या रेल्वे टेक्निशियन भरतीत सुरुवातीला ९,१४४ जागा होत्या, पुढे त्या १४,२९८ केल्या. एक राज्याची भरती, दुसरी देशभराची, हे मान्य. शिवाय निरीक्षकाच्या परीक्षेला तुम्ही फक्त समाजकार्यवाल्यांशी लढत नसता. जाहिरातीतली पात्रता ओळ न ओळ वाचा.

सरकारी समाजकार्यातला दुसरा थर कंत्राटी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षासाठी दरमहा रकमा ठरलेल्या आहेत: जिल्हा बाल संरक्षण अधिकारी ४४,०२३, संरक्षण अधिकारी २७,८०४, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता १८,५३६, क्षेत्र कार्यकर्ता १०,५९२. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. घरातून पळून आलेल्या मुलाला रात्री स्टेशनवरून घेऊन येणाऱ्या माणसाची ही रक्कम आहे. कारखान्यातल्या हेल्परशी तुलना केली तरी ती लाजिरवाणी ठरावी.

खासगी कारखान्यासाठी राज्याच्या किमान वेतनाच्या तक्त्यातला अभियांत्रिकी उद्योग पाहा. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग असतात, परिमंडळानुसार फरक असतो आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तुम्ही आयटीआय पास असूनही नेमणूकपत्रात ‘अकुशल’ लिहिलं असेल तर पहिला वाद तिथेच घाला. ठेकेदाराच्या मस्टरवर ही चलाखी सर्रास चालते.

पायरी ४ : बरोबरी कधी होते ते काढा

आता एक मांडणी करू. यातले खासगी पगार मी उदाहरणापुरते धरले आहेत. त्या जागी तुम्ही तुमच्या भागातले घाला.

फिटरने अप्रेंटिसशिपच्या वर्षात ७,००० प्रमाणे ८४,००० कमावले. पुढची चार वर्षं सरासरी १६,००० धरले तर ७,६८,००० होतात. एमएसडब्ल्यूवाला तेविसाव्या वर्षी पदवी हातात घेतो तेव्हा फिटरच्या बाजूला ८,५२,००० रुपये जमा आहेत आणि त्याचा पगार आता २०,००० आहे. कॉलेजची फी, वसतिगृह, फील्डवर्कचा प्रवासखर्च मी अजून धरलेलाच नाही.

एमएसडब्ल्यूवाल्यापुढे तीन दारं. वात्सल्यमध्ये सामाजिक कार्यकर्ता म्हणून १८,५३६ वर लागला तर बरोबरी कधीच होत नाही, दरमहा अंतर वाढत जातं. संस्थेच्या प्रकल्पात २६,००० वर लागला तर महिन्याला सहा हजारांची आघाडी, वर्षाला ७२,०००. साडेआठ लाखांची दरी बुजायला जवळपास बारा वर्षं. एस-१३ मध्ये लागला तर मूळ ३५,४०० वर नुसता ५० टक्के महागाई भत्ता धरला (सातव्या वेतन आयोगात तो २०२४ लाच तिथे पोचला) तरी ५३,१०० होतात, घरभाडे भत्ता वेगळा. मग दरी सव्वादोन वर्षांच्या आत बुजते आणि पुढे फिटर त्याला गाठत नाही.

माणूस तोच, पदवी तीच. ‘समाजकार्यात पगार किती’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, ते यात आलं. आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करण्यात जाणारी वर्षं या हिशेबात मिळवायला विसरू नका. दोन-तीन वर्षं तयारीत गेली तर फिटरच्या बाजूला तेवढ्या वर्षांचा पगार आणखी पडतो.

पायरी ५ : हातात किती पडतात आणि मागे काय जमा होतं

कारखान्यातली नोकरी घ्या. एकूण पगार २०,०००, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात. ईएसआयचे (कामगार राज्य विमा) पाऊण टक्का म्हणजे १५० रुपये. व्यवसाय कर २००. हातात १७,८५०. (महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, बाईंच्या पगारातून तो कापला जात असेल तर ऑफिसात जाऊन विचारा.) मालक आपल्या बाजूने पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे ६५० भरतो. ग्रॅच्युइटी आणि बोनस मिळवून हाच पगार ‘सीटीसी साडेचोवीस हजार’ म्हणून सांगितला जातो; सीटीसी म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च. त्यामुळे एकाचा सीटीसी आणि दुसऱ्याचा हातात पडणारा पगार शेजारी ठेवू नका.

आता संस्थेतलं २०,००० रुपयांचं मानधन. पत्रात ‘सल्लागार’ लिहिलेलं असतं, १० टक्के टीडीएस कापून १८,००० मिळतात. विवरणपत्र भरलं तर ते दोन हजार परत येतात; भरत नाहीत त्यांचे जातात. वरवर हातात कारखान्यापेक्षा जास्तच. पण पीएफ नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला ३,६०० रुपये कुठेच जमा होत नाहीत, वर्षाचे ४३,२००. ईएसआय नाही, म्हणजे घरातलं आजारपण पूर्ण खिशातून. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. कारखान्यातला तरुण ते कार्ड पाकिटात कोंबून ठेवतो, पण आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्याची किंमत कळते. संस्थेत नेमणूक घेताना ‘कर्मचारी म्हणून घेताय की सल्लागार म्हणून?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. समाजकार्यात पैशाचं बोलणं कमीपणाचं मानतात. तो संकोच मुलाखतीपुरता तरी बाहेर ठेवा.

धातूकामात ओव्हरटाइम हा वेगळा विषय. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे. २०,००० चा पगार २६ दिवस आणि आठ तासांनी भागला तर तासाला ९६ रुपये, दुप्पट १९२. महिन्याला १६ तास जादा काम केलं तर तीन हजारांवर मिळतात. पण अनेक छोट्या शॉपमध्ये ‘सिंगल ओटी’ चालतो, म्हणजे एकेरी दर. मुलाखतीत विचारा: ‘ओटी डबल आहे का?’ प्रश्न ऐकून समोरचा कसा बघतो, त्यावरून पुष्कळ कळेल. आणि तुलनेच्या कागदावर ओटी वेगळ्या रकान्यात लिहा. ओटी धरून बाइकचा हप्ता बांधलेल्यांचे २०१९ च्या वाहन उद्योगातल्या मंदीत फार हाल झाले. चाकणमध्ये पाळ्या कमी झाल्या तेव्हा मूळ पगारावर हप्ता भागत नव्हता.

पायरी ६ : पाच वर्षांनी पगार कशाने वाढेल

धातूकामात शिडी अगदी उघड दिसते. वेल्डिंगमध्ये हेल्पर, टॅक वेल्डर, मग लोखंडी सांगाड्यांवर सीओटू वेल्डिंग, मग आर्गॉन वेल्डिंग. खरी उडी पाइपमध्ये आहे. सिक्स-जी पोझिशनमध्ये पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधलेला असतो, तो फिरवता येत नाही; वेल्डरलाच वरून, खालून, आडवं होऊन जोड पुरा करावा लागतो. तो कूपन (चाचणीचा तुकडा) एक्स-रेमध्ये पास झाला की तुम्ही वेगळ्या रांगेत. बॉयलरच्या कामाला इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखालचं प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे ‘आयबीआर वेल्डर’ म्हणतात. ही माणसं रिफायनरीच्या शटडाउनला, वीज केंद्राच्या देखभालीला आणि गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या नळ्या बदलायला जातात. त्यांचा दर रोजावर नाहीतर इंच-डायावर, म्हणजे जोडलेल्या पाइपच्या इंचातल्या व्यासावर ठरतो. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे कायमचं झालं असं नाही. वेल्डिंगच्या अमेरिकी संहितेप्रमाणे एखाद्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर तिची पात्रता जाते, पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

मशीनवर ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर अशी चढण आहे. नुसता जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर दहा वर्षांनीही जवळपास तिथेच असतो. ड्रॉइंग वाचून टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) स्वतः घालणारा तीन वर्षांत सेटर होतो. मायक्रोमीटर, ड्रॉइंग आणि प्रोग्राम या तीन गोष्टींवर पगार चढतो. टूल रूमचा डाय फिटर ही तर दुर्मीळ होत चाललेली जात. अनुभवी माणूस सोडून गेला की मालक स्वतः फोन करतो.

अप्रेंटिसशिप पूर्ण करून राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्राची परीक्षा द्या. कंटाळा येतो म्हणून मुलं ती मध्येच सोडतात आणि माझगाव डॉक या मुंबईतल्या जहाजबांधणी कंपनीची जाहिरात आली की हळहळतात, कारण तिथल्या कुशल कामगारांच्या जागांना तेच प्रमाणपत्र मागतात. त्या जागा ठरावीक मुदतीच्या करारावर असतात, तेही ध्यानात घ्या.

समाजकार्यात अशी टेस्ट नाही. देशात समाजकार्य व्यवसायासाठी वकील-डॉक्टरांसारखी सरसकट नोंदणी परिषद नाही. त्यामुळे ‘मी चांगला आहे’ हे दाखवणारा कागद नसतो आणि नवी संस्था तुमच्या मागच्या पगारावरून पुढचा ठरवते. पहिला पगार कमी घेतला तर तो बरीच वर्षं मागे लागतो. आरोग्याच्या क्षेत्रात हे बदलतं आहे: २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजसेवकांचा समावेश झाला. मनोविकार समाजकार्यात पुढचं विशेष प्रशिक्षण घेतलेली माणसं कमी आहेत, त्यामुळे तिथे मागणी आणि पगार दोन्ही बरे.

बाकी ठिकाणी पगार वाढतो तो लेखी कामाने. प्रकल्प प्रस्ताव, अंदाजपत्रक, इंग्रजी अहवाल, एक्सेलमधली माहिती. नंदुरबारच्या धडगावला पाड्यापाड्यात दहा वर्षं काढलेला कार्यकर्ता आणि पुण्यात बसून त्याचा अहवाल लिहिणारा, यांत दुसऱ्याला जास्त मिळतात. मला हा अन्याय वाटतो. तरीही फील्डवर असतानाच इंग्रजीतून प्रस्ताव लिहायला शिका, असंच सांगेन.

सीएसआरचा पैसा कुठून येतो तेही समजून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. पण कंपनीला प्रशासकीय खर्च एकूण सीएसआरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणून कंपनीच्या आतल्या सीएसआर जागा थोड्या आणि चांगल्या पगाराच्या असतात, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेतल्या पुष्कळ आणि कमी पगाराच्या.

पायरी ७ : पगार थांबला तर?

कारखान्यात मंदी आली की आधी ठेकेदाराची माणसं जातात, नंतर ओटी, शेवटी कायम कामगार. हातात कसब असेल तर दुसरं शॉप मिळतं, कधी कमी दराने. संस्थेत निधी थांबला की सगळी टीम एकदमच घरी जाते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा आरोग्याचे कित्येक प्रकल्प मध्यावर बंद पडले. मुलाखतीत विचारा: ‘या प्रकल्पाचा निधी कुणाचा आणि कोणत्या महिन्यापर्यंतचा?’ मार्चपर्यंतचा असेल तर तुमची नोकरीही मार्चपर्यंतचीच समजा.

शरीराचाही हिशेब धरा. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मास्क न देणारा मालक तुमचा पगार तुमच्याच फुप्फुसातून देतोय. समाजकार्यात थकवा दिसत नाही; अत्याचाराच्या केसेस रोज ऐकणाऱ्याला झोप लागत नाही, आणि त्यासाठी ईएसआयमध्ये कुणी रजा मागत नाही.

परदेशाचं काय?

आखातात वेल्डर, पाइप फिटर, फॅब्रिकेटरला मागणी आहे. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ‘इमिग्रेशन चेक’चा शिक्का लागत नाही, म्हणून वेल्डरचा कोर्स आठवीवर मिळाला तरी दहावी करून टाका. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. त्याला घेता येणारं कमाल शुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. लाख-दीड लाख मागितले तर उठून या. करारात मूळ पगार, राहणं-जेवण, ओटीचा दर आणि परतीचं तिकीट वेगवेगळं लिहून घ्या.

समाजकार्याची भारतीय पदवी परदेशात तशीच चालत नाही. इंग्लंडमध्ये सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणी लागते, अमेरिकेत राज्याचा परवाना. पण एकदा दार उघडलं की चित्र उलटं होतं: अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत समाजसेवकाचं मध्यम वार्षिक वेतन ६१,३३० डॉलर, वेल्डरचं ५१,००० डॉलर. तिथे परवान्याने समाजसेवकाचा पगारही माणसाला बांधला गेला आहे.

दोन्ही वाटा जिथे भेटतात

१९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा २५० वर आली आहे. म्हणजे कल्याण अधिकाऱ्याची गरज आता मध्यम आकाराच्या कारखान्यांतही पडेल. समाजकार्याची पदवी असलेल्यांना हे पद जुन्या काळापासून खुलं आहे, आणि एमएसडब्ल्यूला मनुष्यबळ विषय घेणाऱ्यांना तर हीच सर्वांत पगारदार खासगी वाट. आयटीआय करून काही वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेला, मग पदवी आणि एमएसडब्ल्यू केलेला उमेदवार इथे सगळ्यांत आधी उचलला जावा, असं माझं मत. तो कॅन्टीनच्या तक्रारीपासून बोटं कापणाऱ्या प्रेसपर्यंत सगळं आतून ओळखतो.

उलट दिशेनेही येता येतं. सीएसआरच्या यादीत व्यावसायिक कौशल्य शिक्षण आहे. त्यामुळे संस्थांच्या प्रशिक्षण केंद्रांना वेल्डिंग, फिटिंग शिकवणारे निदेशक लागतात. आयटीआयनंतर निदेशकांसाठी एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम आहे. तो केलेला वेल्डर संस्थेत काम करतो, पण पगार मागताना त्याच्या हातात टेस्ट आणि प्रमाणपत्र असतं. प्रकल्प मार्चला संपला तर एप्रिलला तो शॉपमध्ये परत जाऊ शकतो. अशा जागेची जाहिरात दिसली तर ‘सल्लागार की कर्मचारी’ हा प्रश्न तिथेही विचारायचाच.